पियानोच्या पोटातलं पाणी

जळगाव
२ सप्टेंबर २०२२

रिद्धी बेटा,

जय जिनेंद्र. परवा संवत्सरी झाली. वर्षभरात माझ्याकडून मनाने, बोलण्याने, वागण्याने, जाणता-अजाणता तुझं काही दुखलं असेल तर हात जोडून माफी मागते. मिच्छामि दुक्कडम्.

हे दरवर्षीचं वाक्य झालं. माझ्या वयाच्या बायका हे वाक्य सुनेला, विहिणीला, दूधवाल्याला एकसारखं म्हणतात आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भांडायला मोकळ्या होतात. तू माझ्याशी भांडतही नाहीस, त्यामुळे मला ते वर्षभर पुरतं.

अखिल लिहून घेतोय. तुझा भाऊ आता डाळमिल बघतो. पोट सुटलंय. हे नको लिहायला असं म्हणाला, पण मी म्हटलं, तू काय लिहिलंस ते मला थोडंच वाचता येतंय, तुझ्या इमानावर सोडते.

तो म्हणतो, दादी, कागद कोण पाठवतं हल्ली, मोबाइलमध्ये बोल, लगेच पोचेल. मी नको म्हटलं. तुझे कान मला माहीत आहेत. पाच वर्षांची होतीस तेव्हा ओसरीवर बसून सांगायचीस, मिलमधली कुठली चाळणी सैल झालीय ते. आणि शिऱ्यात साखर कमी टाकून मी ‘रोजच्यासारखीच टाकलीय’ म्हटलं, तर चव घेण्याआधी माझ्या आवाजावरूनच पकडायचीस. कागदाला आवाज नसतो. म्हातारीला बरं पडतं.

तू वडिलांशी फोनवर बोलतेस, अखिलशी बोलतेस. माझं नाव निघालं की तिकडे रेंज जाते म्हणे. जर्मनीतही रेंजचे हाल आपल्या चोपड्यासारखेच दिसतात.

मागच्या महिन्यात अखिलने तुझा कार्यक्रम दाखवला. गावाचं नाव त्याने तीनदा म्हणून दाखवलं, लाइपझिग, माझ्या कवळीला जमलं नाही. बिनबाह्यांचा काळा झगा होता. थंडी वाजत नाही का? लोक इतके गप्प बसले होते की मला वाटलं, मोबाइलचा आवाज गेला. बसण्याआधी तू पाण्याचा एक पेला पियानोच्या पायाशी ठेवलास. दीड तास वाजवलंस. एकदाही प्यायली नाहीस. टाळ्या झाल्या, फुलं झाली, तू आत गेलीस, पेला तसाच भरलेला.

अखिलची बायको हिना म्हणाली, प्यायचं विसरल्या असतील ताई. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

हे लिहिलंस का रे? लिहू नको म्हटलं होतं.

तब्येतीला जप.

तुझी दादी
मोहनबाई (अंगठा)


जळगाव
२१ सप्टेंबर २०२३

रिद्धी बेटा,

मनाने, बोलण्याने, वागण्याने, जाणता-अजाणता. मिच्छामि दुक्कडम्. उत्तर येत नाही ते ठीकच आहे, नियम मागणाऱ्याला आहे, देणाऱ्याला नाही.

यंदा हिना लिहितेय. तिचं अक्षर मोत्यासारखं म्हणतात. मला सगळी अक्षरं मुंग्यांची रांग. तुझ्या त्या पुस्तकातही मुंग्याच होत्या, फक्त पाच दोऱ्यांवर चढलेल्या. तू त्या मुंग्यांकडे बघून वाजवायचीस तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण शिकायला हवं होतं. मग पापड लाटायची वेळ झाली.

हिनाने विचारलं, दादी, या एस्तेर मिस कोण? तिला सांगता सांगता इथेच लिहून घे म्हटलं. तुला ठाऊक असलेलंच आहे. चुकलं तर हसून घे.

धुळ्याला मिशन कंपाउंडच्या मागे घर. बाप पाद्री. पोर विलायतेला गेली पियानो शिकायला, तिथल्या मोठमोठ्या सभागृहांत वाजवलं, पेपरात फोटो आले. एकेचाळिसाव्या वर्षी उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आखडली. डॉक्टर झाले, मालिश झाली, बापाच्या प्रार्थना झाल्या. मग पियानो जहाजात घातला आणि मिस धुळ्याला परत आल्या. तेव्हा धुळ्यात बाजा म्हणजे लग्नाचा. शाळेतल्या पोरांना गाणी शिकवायच्या, आठ बोटांनी. अंगठे धरून आठ, मी मोजली होती. मला मोजता येतं. लिहिता येत नाही एवढंच.

दर रविवारी सकाळच्या एसटीने मी तुला न्यायची. पारोळ्याला तू ओकायचीस. मिस आधी तुझं तोंड धुवायच्या, मग हात, मग नखं बघायच्या, आणि मग पियानोचं झाकण उघडायच्या. घरी पियानो कुठला, म्हणून ओसरीच्या फळीवर मी खडूने पट्ट्या काढून दिल्या होत्या. त्या लाकडावर तू तासन्तास बोटं चालवायचीस. मी विचारायची, काय वाजतंय गं? तू म्हणायचीस, दादी, मधे बोलू नको, चुकलं.

तू चौदा वर्षांची असताना मिस ऑपरेशनसाठी वेल्लोरला गेल्या. चार महिने लागणार होते. तुझा सराव तुटू नये म्हणून त्यांनी पियानो जळगावला आपल्या घरी ठेवला. डाळीच्या ट्रकमधून आला, पोत्यांच्या मधे, काळ्या म्हशीसारखा उभा. त्याच्या पोटाची खालची फळी निघायची. आत एक जर्मलचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवायचं, पाण्याने भरलेलं. आपल्या उन्हाळ्यात लाकूड सुकून फाटतं, त्या पाण्याने आत ओल राहते. पातेलं कधी कोरडं पडू द्यायचं नाही, हे काम मिसनी तुझ्यावर सोपवलं होतं.

मग पियानो फुटला, मिस रागावल्या, परत घेऊन गेल्या. एवढंच.

हिना विचारते, ताई पाणी घालायला विसरल्या का? मी म्हटलं, लहान होती.

हे शेवटचं वाक्य खोड म्हटलंय तिला. खोडलं की नाही, मला काय कळणार.

आणखी एक. रोज सकाळी मी सामायिकाला बसते, ते तुला माहीत आहे. अठ्ठेचाळीस मिनिटं, तोंडाला मुहपत्तीचं फडकं बांधून, कोणाशी बोलायचं नाही, समोर रेतघडी. बसले की मिस दारात दिसतात. चप्पल बाहेर काढलेली, हात पोटाशी धरलेले, रेती संपायची वाट बघत. रेती संपते. त्या उभ्याच. मी हिनाला म्हटलं, मोतीबिंदू आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता आणखी स्वच्छ दिसतात.

तुझी दादी
(अंगठा)


जळगाव
१० सप्टेंबर २०२४

रिद्धी बेटा,

तुझं कार्ड आलं. पाकिटावरचं तिकीट अखिलने काढून मला दिलं, त्यावर पक्षी आहे. आत एकच ओळ. निर्मलने वाचून दाखवली: “दादी, माफी नक्की कशाबद्दल?”

एकवीस वर्षांत पहिली ओळ लिहिलीस. पोरी, तू मिसकडेच शिकलीस, शंका नाही. त्याही असंच एक बोट ठेवायच्या आणि थांबायच्या.

आज निर्मलच लिहायला बसलाय. तुझा बाप आहे, माझा मुलगा आहे, चष्म्यावरून माझ्याकडे बघतोय आणि म्हणतोय, सांग आई, कशाबद्दल.

कशाबद्दल म्हणजे, सगळ्याबद्दल. तुझे केस पातळ आहेत म्हटलं होतं त्याबद्दल. पारोळ्याला ओकलीस तेव्हा एकदा चिमटा काढला त्याबद्दल. तू मुंबईला शिकायला गेलीस तेव्हा मी दारापर्यंत आले नाही, गुडघा दुखतोय म्हटलं. गुडघा तेव्हा चांगला होता.

निर्मल विचारतो, आणखी काही?

आणखी काही नाही. मिच्छामि दुक्कडम्.

(अंगठा)


धुळे
११ मे २०२५

रिद्धी,

संवत्सरीला अजून साडेतीन महिने आहेत. तेवढं मला थांबवत नाही.

मागच्या आठवड्यात हिनाने तुझी मुलाखत लावली. तू त्यांच्या भाषेत बोलत होतीस, खाली इंग्रजी येत होतं, आणि हिना मला मराठीत सांगत होती. असं तीन वेळा उकळून माझ्यापर्यंत पोचलं, तरी पोचलं. त्या बाईने विचारलं, तुम्ही शिकवणं का थांबवताय? तू म्हणालीस, “लहानपणी माझ्या गुरूंनी एक गोष्ट माझ्या हातात दिली होती. मी पाणी घालायला विसरले आणि त्यांच्याशी खोटं बोलले. पूर्वी मला वाटायचं की मी रोज घालत होते. आता तसं आठवतही नाही. अशा माणसाने मुलांच्या हातांवर हात ठेवू नये.”

हिना म्हणाली, बघा, ताईंनी कबूलच केलं.

तुझं आठवणं मी पुसलं होतं. आधी गप्प राहून, मग त्या कागदावर ‘लहान होती’ लिहवून. हिनाने ते खोडलं नव्हतं, मी नंतर विचारलं.

घरी सांगितलं की धुळ्याला साध्वीजी आल्यात, दर्शनाला जाते. अखिल गाडी काढतो म्हणाला. मी म्हटलं, पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, सरकारचं मन कशाला मोडायचं. उकळलेल्या पाण्याची बाटली घेतली आणि निघाले. कंडक्टर अहिराणीत म्हणाला, “एकलीच कथा चालनी, माय?” मी म्हटलं, धुळ्याला, माफी मागायला. तो म्हणाला, “मंग इतला दिन काय करी राहिनी व्हती?” तिकीट फाडता फाडता विचारलं त्याने. पारोळ्याला मला ओकारी आली. हस.

मी मिसच्या घरात बसलेय. लिहून घेणारी सुनिता आहे, मिसच्या बहिणीची मुलगी. तिचे केसही आता पांढरे झालेत. याच खोलीत मुलांना हार्मोनियम शिकवते. पियानो भिंतीशी आहे. त्यावर कढईवर झाकावं तसं कापड टाकलंय आणि वर मुलांच्या वह्या.

इथे यायचं कारण सांगते. ज्याला लिहिता येत नाही त्याला एकट्याने काही कबूल करता येत नाही. मधे कोणाचा तरी हात लागतो, आणि माझ्याकडचे सगळे हात घरचे. अखिलसमोर नाही जमलं, हिनासमोर नाही, निर्मलसमोर तर नाहीच. मग म्हटलं, जिचं नुकसान केलं तिच्याच घरचा हात घ्यावा. सुनिताला अजून माहीत नाही मी काय सांगणार आहे. लिहीत जा गं.

रिद्धी, तू विसरली नव्हतीस.

रोज पहाटे तू उठायचीस, फळी काढायचीस, पातेलं काठोकाठ भरायचीस, मग सरावाला बसायचीस. मी बघायची. आठ-दहा दिवस झाल्यावर एकदा तू क्लासला गेलीस तेव्हा मी फळी काढून आत वाकले. पाण्यात अळ्या होत्या. बारीक, वळवळणाऱ्या. तू नुसती वरून भर घालायचीस, खालचं पाणी शिळंच राहायचं. मला पाणी फेकवेना, मरतील म्हणून. कपड्याने गाळलं आणि कपड्यातला जीव मागच्या हौदात सोडला. पातेलं पुसून परत आत ठेवलं. कोरडं.

दुसऱ्या दिवशी तू पुन्हा भरलंस. तू गेल्यावर मी पुन्हा ओतून टाकलं. साठलेल्या पाण्यात जीव होणारच, होण्याआधीच काढलेलं बरं. असं चैत्र गेला, वैशाख आला. तू म्हणायचीस, दादी, हा म्हशीसारखं पाणी पितो गं. मी म्हणायची, पिऊ दे. लाकडाला तहान लागते हे मला पटतच नव्हतं. झाड तोडलं की मेलं. अळी तर डोळ्यांना दिसत होती.

सुनिताने पेन खाली ठेवलंय. आत गेली आहे.

आली. म्हणते, “सांगा आजी. मी लिहितेय.” आवाज मिससारखा आहे.

सगळं पुण्यकर्माच्या नावावर नको टाकायला. थोडं दुसरंही होतं. त्या पातेल्यासाठी तू पहाटे उठायचीस, माझ्या शेजारी सामायिकाला एक दिवस बसली नाहीस. मला त्या म्हशीचा राग यायचा. पाणी ओतताना तो राग थोडा उतरायचा. रोज उकळून, रोज बदलून ठेवलं असतं तर जीवही वाचले असते आणि लाकूडही. एवढं साधं होतं. इतक्या वर्षांत मला ते शंभरदा सुचलंय, त्या दोन महिन्यांत एकदाही नाही.

मग ती दुपार. मी गच्चीवर मुगाचे पापड वाळत घालत होते. खाली मोठा आवाज झाला, कोणीतरी गुडघ्यावर फळी मोडल्यासारखा. उतरून बघितलं तर पियानोच्या तारांमागचं लाकूड वरपासून खालपर्यंत फाटलं होतं. तू क्लासहून येईपर्यंत मी तिथेच उभी होते. पाणी आणून पातेल्यात ओतावं असंही मनात आलं. ओतलं नाही. हातात पापडाचं पीठ होतं.

मिस वेल्लोरहून तडक आपल्या घरी आल्या. एक सूर दाबला, फुटक्या माठासारखा वाजला. फळी काढली. पातेलं कोरडं, तळाला पांढरा क्षार. तू म्हणालीस, मिस, मी रोज भरते, दादीला विचारा. दोघी माझ्या दारात आल्या. मी आसनावर, मुहपत्ती बांधलेली. मिस हळू म्हणाल्या, “त्यांचं होऊ दे.” चप्पल काढून उभ्या राहिल्या. ऑपरेशन झालेली बाई, तिला बस म्हणायलाही मला तोंड उघडता येत नव्हतं.

रेती पडत होती. चिमूटभर उरली. तू माझ्याकडे बघत होतीस. शेवटचा कण पडला आणि मी हात पुढे करून घडी उलटी केली. दुसरं सामायिक धरलं. लागोपाठ दोन करणं मोठं पुण्य मानतात आपल्यात. पुण्याच्या मागे इतकं छान लपता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

मिस थोडा वेळ थांबल्या. मग तुला म्हणाल्या, “पियानोचं काही नाही. तू खोटं बोललीस.” आणि गेल्या. पुढच्या रविवारी आपण धुळ्याला आलो तर दार उघडलं नाही. दिवाळीनंतर त्या वारल्या.

तू मला सोडून गेलीस ते मी घडी उलटी केली म्हणून, हे मला माहीत होतं. तुला एवढंच वाटत होतं ना, की दादी साक्षीला उभी राहिली नाही? साक्षीदार नव्हते मी. करणारीच मी.

आता सुनिता बोलतेय, तिला तिच्या शब्दांत लिहू दे.

रिद्धी, मी सुनिता. तुझं एक पोस्टकार्ड मावशीच्या पुस्तकात होतं, वेल्लोरच्या पत्त्यावर पाठवलेलं. “मिस, तुमचा पियानो खूप पाणी पितो. मी रोज सकाळी काठोकाठ भरते, दुसऱ्या दिवशी थेंबही नसतो.” शेवटच्या महिन्यांत मावशी ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचायची. आखडलेली बोटं त्या ओळीवरून फिरवायची. एकदा म्हणाली, “एवढं पाणी लाकूड पीत नाही.” आम्हाला तेव्हा अर्थ लागला नाही. कार्ड सोबत पाठवतेय. अक्षर तुझंच आहे, बघून घे.

पुन्हा दादी. म्हणजे मिसना कळलं होतं. मग त्या दारात उभ्या राहतात ते विचारायला नव्हे. मी सांगते की नाही, तेवढं बघायला.

त्या मुलाखतीतलं तुझं वाक्य परत घे. कोणासमोर घ्यायचं ते तू ठरव. तुझ्या हातात दिलेली गोष्ट तू सांभाळली होतीस, रोज, काठोकाठ, अंधारात उठून. मुलांच्या हातांवर हात ठेव. मला माफ करायचं की नाही ते वेगळं आहे, त्यासाठी हे पत्र नाही. जाणता-अजाणता असं मी आज म्हणणार नाही. जाणूनच.

ही चिठ्ठी सुनिता मला एकदा वाचून दाखवेल, मग फोटो काढून मोबाइलवर तीच अखिललाही पाठवेल, घरात मोठ्याने वाचायला. मी घरी पोचायच्या आत वाचून झालेली बरी.

मोहनबाई
(अंगठा)


१२ मे, सकाळ

पाकीट बंद करू नको म्हटलं सुनिताला, दोन ओळी राहिल्या.

काल सूर्य मावळायच्या आत मी पियानोची खालची फळी काढायला लावली. मिसचं तेच पातेलं अजून आत होतं. घासलं, माझ्या बाटलीतलं आणि सुनिताने उकळून दिलेलं पाणी गाळून काठोकाठ भरलं, आत ठेवलं. सुनिता म्हणाली, आजी, तो वाजत नाही आता. मी म्हटलं, तहान तर असेल. रात्री त्याच खोलीत खाटेवर झोपले.

आज सामायिकाला बसले. दाराकडे बघितलं नाही.

उठल्यावर वाकून बघितलं. पातेल्यातलं पाणी एक बोट कमी झालंय.

मी ओतलेलं नाही.